घरात फोन असलेली बाई

"ते बाई तरी बरी वं. तिच्या घरातच फोन होता."

एवढं बोलून आई पुन्हा वाती वळायला लागली. कार्तिकाचे दिवस होते. ओसरीवर तिरपं ऊन आलं होतं आणि तिच्या पुढ्यातल्या पितळी ताटात आमच्याच वावरातल्या पहिल्या वेच्याचा कापूस होता. सरकी काढायची, बोटांनी कापूस मोकळा करायचा, मांडीवर तळहाताने फिरवायचा की वात तयार. मी बंगईवर बसून एक बारीकसं पुस्तक वाचत होते. "कायचं पुस्तक होय?" असं तिने सकाळपासून तीनदा विचारलं होतं आणि तिन्ही वेळा मी "असंच" म्हणून टाळलं होतं. चौथ्यांदा मात्र सांगून टाकलं. एक बाई आहे. शिकलेली, मास्तरीण, नवऱ्यापासून वेगळी झालेली, पोरं मोठी झालेली. तिचा जीव एका परमुलखातल्या, लग्न झालेल्या माणसात अडकतो. तो त्याला जमेल तेव्हा फोन करतो, जमेल तेव्हा येतो आणि घड्याळ बघून निघून जातो. ही वाट पाहते. बस, पुस्तकात एवढंच. फोन वाजलेला ऐकू आला नाही तर, या भीतीने ती घरात व्हॅक्यूम क्लीनर लावत नाही, केस वाळवायचं यंत्र चालवत नाही. आई आता नाक मुरडणार, किंवा 'तुले दुसरं काही वाचाले भेटत नाई का' म्हणणार, अशी माझी तयारी होती. तिने हातातली वात ताटात ठेवली, थोडा वेळ अंगणाकडे पाहिलं आणि ते वाक्य बोलली.

वर्ध्याला परत आल्यावरही ते वाक्य माझ्यासोबत होतं. पुस्तकावर चार हुशारीच्या गोष्टी लिहायच्या असं मनात होतं. तेही राहून गेलं.

पुस्तक ॲनी एर्नोचं. मूळ फ्रेंच, १९९१ सालचं. इंग्रजीत 'सिंपल पॅशन'. २०२२ साली तिला नोबेल मिळालं तेव्हा अनेकांसारखं मीही तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं, उत्साहात पुस्तक मागवलं आणि कपाटात ठेवून दिलं. शंभर पानंही नाहीत. एसटीच्या प्रवासात संपावं एवढं. पण मला ते वाचायला चार दिवस लागले, कारण दर दोन पानांनी ते मिटून ठेवावंसं वाटायचं. त्यात तो माणूस जवळजवळ नाहीच. नुसता 'ए'. त्याला मोठ्या गाड्या आवडतात, चांगले कपडे आवडतात, यापलीकडे तो फारसा दिसत नाही. (पुढे २००१ मध्ये तिने त्या काळातली रोजनिशीच छापली, तेव्हा कळलं की तो पॅरिसमधला सोव्हिएत मुत्सद्दी होता. ते कळल्यावर मला उगाच वाईट वाटलं. नुसता 'ए'च बरा होता.) सगळी जागा तिने व्यापलेली. त्याच्यासाठी घेतलेले नवे कपडे. तो गेल्यावर तशीच ठेवलेली उष्टी भांडी, भरलेली राखदाणी. रस्त्यातल्या भिकाऱ्याला पैसे देताना मनातल्या मनात मागितलेलं मागणं. अमुक तारखेच्या आत त्याची भेट झाली तर एका संस्थेला पैसे पाठवीन, असं स्वतःशीच बोललेलं. 'हा तर नवस!' असं मी तिथे समासात पेन्सिलने लिहिलं. आमच्याकडच्या बाया कौंडिण्यपूरच्या अंबिकेला बोलतात, ही पॅरिसजवळच्या घरात बसून कुण्या संस्थेला बोलते.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर ती कारण देत नाही. असं का झालं, बालपणात काय कमी पडलं होतं, नवऱ्याचं काय बिनसलं, काही नाही. कारण सांगायला गेलं की आपल्या हातून काही चूक झाली किंवा आपल्याला काही आजार झाला हे आधीच कबूल केल्यासारखं होतं, असं तिचं म्हणणं. जे झालं ते फक्त मांडून ठेवायचं. आणि शेवटी ती एक गोष्ट सांगते. लहानपणी तिला चैन म्हणजे फरचे कोट, लांब झगे, समुद्रकाठचे बंगले वाटायचे. पुढे चैन म्हणजे लिहिण्यावाचण्याचं आयुष्य वाटलं. आता तिला वाटतं की एखाद्या माणसाचं वेड घेऊन जगता येणं, हीच चैन.

हे मी आईला सांगितलेलंच नव्हतं. तरी ती नेमकी तिथेच जाऊन पोचली होती.

आता दुकानाबद्दल सांगायला हवं. आर्वी तालुक्यात, वर्धा नदीपासून फार लांब नाही असं आमचं गाव. पारासमोर बाबांचं किराणा दुकान. एर्नोच्या आईबापांचंही नॉर्मंडीतल्या इव्हतो नावाच्या गावात किराणा आणि कॅफे असं एकत्र दुकान होतं. हे वाचलं तेव्हा माझा तिच्यावर एकदम विश्वास बसला. दुकानदाराच्या पोरीला गावाचं जे दिसतं ते सरपंचाला दिसत नाही. कोणाच्या घरी तेल पावभर जातं आणि कोणाच्या घरी पिंप, कोण उधारीचा आकडा ऐकताना खाली पाहतं, कोण 'बाबा नाईत का' विचारून पोरीच्या हातून विडीचा कट्टा नेतं. वासांचा तर वेगळाच हिशेब. गुळाच्या भेलीचा, रॉकेलचा, सरकीच्या ढेपेचा, पावसाळ्यात ओल्या पोत्यांचा. त्यात १९९६ साली एक नवा वास आला, कोऱ्या प्लायवुडचा. बाबांनी दुकानाच्या कोपऱ्यात काचेची एक खोपटी उभी केली आणि बाहेर पिवळी पाटी लावली. एसटीडी, पीसीओ. आत लाल आकड्यांचं मीटर, भिंतीला टांगलेली पेन्सिल, आणि एक स्टूल, ज्यावर बसलं की गुडघे दाराला टेकत.

गावातून बाहेर फोन करणारे थोडे. बाहेरून येणारे फोन जास्त. सुरतेला गेलेले, पुण्याला गेलेले, एक-दोन फौजेतले. रात्री उशिरा दर उतरायचे, त्यामुळे खरी वर्दळ जेवणानंतर. पद्धत अशी की फोन यायचा, पलीकडून नाव सांगितलं जायचं, "दहा मिनिटांनी करतो" म्हणून ठेवला जायचा, आणि त्या दहा मिनिटांत कोणीतरी पळत जाऊन त्या माणसाला घेऊन यायचं. ते 'कोणीतरी' म्हणजे मी. नववीत होते, पाय हलके होते. पळत जायची आणि दारातूनच ओरडायची, "फोन आला वोऽऽ!" मग हातातला पोळपाट तसाच टाकून, पदराला पीठ पुसत बाया माझ्यामागे धावायच्या. त्या दहा मिनिटांतले चेहरे मी अजून विसरले नाही. येताना एक, जाताना दुसरा. काचेच्या आत कोण काय बोलतं ते बाहेर ऐकू यायचं नाही असं सगळे धरून चालायचे. सगळं ऐकू यायचं.

आणि एक बाई अशी, जिच्यासाठी पळत जावं लागत नव्हतं. ती स्वतःच यायची. रोज, दिवेलागणीच्या सुमाराला.

तिचं नाव इथे नको. आईने तिचं नाव ठेवलं होतं माचिसवाली. कारण ती रोज एक माचिस घ्यायची. तेव्हा पन्नास पैशांना डबी होती. माचिस घेतली की लगेच जायची नाही. डाळीच्या पोत्याजवळ उभी राहायची, मुगाचा भाव विचारायची, मुठीत तांदूळ घेऊन हुंगून पाहायची, आणि मध्येच तिची नजर काचेकडे जाऊन यायची. तिशीपस्तिशीची असेल. नवरा गरीब, चार एकर कोरडवाहू, एक पोरगा बालवाडीत. कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली, केस घट्ट बांधलेले, कपाळाला मोठं कुंकू. दिसायला काही वेगळी नाही. पण फोन वाजला की तिच्या मानेची एक शीर ताठ व्हायची, हे मी काउंटरमागून गणिताच्या वहीआडून पाहिलेलं आहे. फोन दुसऱ्याचा निघाला की ती शीर लगेच उतरायची. फोन कोणाचा यायचा? महिन्यातून एक-दोनदा यायचाही. भाऊ आहे म्हणायची. तिला भाऊ नव्हता, हे गावाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी धरणाच्या मोजणीला लोक आले होते, त्यांतला एक आमच्या गावात राहिला होता, तोच असेल, असं आई म्हणायची. बाबा काहीच म्हणायचे नाहीत. ती बराच वेळ थांबली आणि फोन आला नाही की बाबा आपण होऊन, तिच्याकडे न बघता, तराजू पुसत म्हणायचे, "आज लाइन बंद आहे बाई." लाइन बंद नसायची. ती मान हलवून जायची. आज येणारच नव्हता आणि आज येऊ शकत नव्हता, यांत केवढा फरक आहे हे बाबांना कसं कळलं असेल? मॅट्रिक नापास माणूस, दिवसभर साखर मोजणारा.

आईला पुस्तकाचं सांगताना मी 'पॅशन'ला काय म्हणावं म्हणून अडखळले होते. प्रेम म्हणावं तर फार मोठं, वासना म्हणावं तर पोथीतलं. ध्यास शाळेतला. आईनेच शब्द दिला, "म्हणजे नाद लागला होता म्हण ना." नाद लागतो. आपल्या भाषेत हे सगळं लागतंच. ओढ लागते, चटक लागते, भूक लागते, तहान लागते, दृष्ट लागते, आग लागते. करणारं कोणीच नसतं. ज्याला लागतं तो नुसता बसलेला असतो आणि त्याला ते येऊन चिकटतं. एर्नोने पुस्तकभर जे करायचं टाळलं, ते आमच्या एका क्रियापदाने कधीच टाळून ठेवलं आहे. मात्र हेही खरं, की बाईला नाद लागला म्हटलं की गाव तिला सोडत नाही. क्रियापद निर्दोष सोडतं, गावचा पार सोडत नाही.

आमच्या मुलखाला तसं हे नवं नाही. नदीपलीकडे कौंडिण्यपूर. तिथल्या मुलीने, न पाहिलेल्या माणसाला पत्र लिहिलं. भागवतात दहाव्या स्कंधात ते सात श्लोकांचं पत्र आहे. लहानपणी ऐकताना ते गोड वाटायचं. आता वाचलं की अंगावर येतं. तू आला नाहीस तर व्रतं करकरून जीव देईन, शंभर जन्म लागले तरी चालतील, असं ती त्यात लिहिते, आणि त्याच पत्रात, लग्नाच्या आदल्या दिवशी मी अंबिकेच्या देवळात येते, तिथून उचलून ने, असा साळसूद बेतही कळवते. गंमत म्हणजे एकनाथांचं 'रुक्मिणी स्वयंवर' आमच्याकडे लग्न जमत नसलेल्या मुलींना वाचायला लावतात. मलाही लावलं होतं, अठराच्या अठरा प्रसंग. घरच्यांचं ठरलेलं लग्न मोडून पळून गेलेल्या मुलीची पोथी, घरच्यांनी ठरवलेलं लग्न जमावं म्हणून! दमयंतीही इथलीच, कुंडिनपूरची. तिने नळाबद्दल ऐकलं ते हंसाच्या तोंडून. विदर्भाच्या या पोरी डोळ्यांनी प्रेमात पडलेल्याच नाहीत, कानांनी पडल्या. कोणाच्या तरी तोंडून ऐकलं आणि जीव गेला. म्हणून माचिसवालीच्या मानेवरची ती शीर मला कधी परकी वाटली नाही.

पण यंदा, आईच्या वाक्यानंतर, मला या गोष्टींत दुसरंच कोणी दिसायला लागलं. निरोप्या. रुक्मिणीचा ब्राह्मण, दमयंतीचा हंस. भागवतात एक जागा आहे. लग्नाच्या आदली रात्र सरत आलेली, ब्राह्मण परतलेला नाही, रुक्मिणी एकेक शक्यता मनात घोळवत बसली आहे. माझ्यात काही कमी दिसलं असेल का, म्हणून कृष्ण आला नसेल का. तिला कृष्णावर शंका येते, स्वतःच्या नशिबावर येते, देवांवर येते. ब्राह्मण पोचलाच नसेल, वाटेत झाडाखाली झोपला असेल, ही शंका तिला येत नाही. आणि रामटेक? सातवीत आमची सहल गेली होती. माकडांनी डबे पळवले, एवढंच तेव्हा लक्षात राहिलं. मेघदूतातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं संस्कृतचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी मांडलं, आणि आम्हा वैदर्भीयांना ते पटायला पुरावा लागत नाही. तिथून कुबेराच्या शापाने बायकोपासून दूर पडलेला यक्ष मेघाजवळ तिच्यासाठी निरोप देतो. कुठून कसं जायचं, कुठे थांबायचं, कुठे पाणी प्यायचं, अर्धं काव्य वाटेचंच. आणि निरोप देऊन काव्य संपतं. मेघ पोचला का, तिला निरोप मिळाला का, ते कालिदास सांगतच नाही. काही प्रतींत शेवटी कुबेराला दया आली वगैरे श्लोक सापडतात. ते मागाहून कोणीतरी जोडलेले आहेत असं जाणकार मानतात. जोडणाऱ्याचा मला राग येत नाही. त्याला झोप लागली नसेल.

कारण मेघ कधीकधी पोचवत नाही.

संक्रांतीच्या आसपासची दुपार होती. बाबा माल आणायला आर्वीला गेलेले, आई वावरात, मी एकटी दुकानात. बाहेर सगळं गाव रिकामं, वेचणीला गेलेलं. एक बकरी पाराच्या सावलीत उभी. फोन वाजला. मी उचलला. पलीकडून पुरुषाचा आवाज, खर्जातला, स्वच्छ, आमच्याकडचा नाही. त्याने तिचं नाव घेतलं, पुढे 'बाई' लावून, आणि म्हणाला, "जरा बोलावता का त्यांना? मी दहा मिनिटांनी पुन्हा करतो. तुम्हाला त्रास देतोय." तुम्हाला! मला आयुष्यात त्याआधी कोणी तुम्ही म्हटलं नव्हतं. मला 'पोट्टी' म्हणायचे, 'ए बाई' म्हणायचे, मास्तर आडनावाने हाक मारायचे. मी रिसीव्हर ठेवला आणि दारापर्यंत गेले. त्या दिवशी ती घरी होती, हे मला माहीत होतं, कारण सकाळी पोराला ताप म्हणून क्रोसिनची गोळी मीच दिली होती. पाच मिनिटांचा रस्ता. मी दारात उभी राहिले आणि परत आत येऊन स्टुलावर बसले.

का, ते मी पंचवीसेक वर्षं वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहिलं आहे. ऊन होतं. दुकान सोडून कसं जाणार. चावडीमागच्या काकू तिच्याबद्दल जे बोलायच्या ते ऐकून माझ्याही मनात एक छोटी पंचायत बसली होती. हे सगळं आहेच. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला एर्नो वाचेपर्यंत स्वतःलाही सांगता आली नव्हती. तो आवाज मला पुन्हा ऐकायचा होता. तिच्यासाठी आलेला नाही, माझ्यासाठी आलेला. चौदा वर्षांची मुलगी, काचेच्या खोपटीत, गुडघे दाराला टेकलेले, लाल आकडे बंद. दहा मिनिटं मी वाट पाहिली. अशी वाट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. फोन वाजला. मी म्हणाले, "त्या घरी नाहीत. गावाला गेल्या." तो थांबला. "कधी येतील?" "माहीत नाही." मग तो म्हणाला, "बरं."

त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मी सांगू शकत नाही. पुढे अनेक माणसांचे अनेक 'बरं' ऐकले, कोणाचाच तसा नव्हता.

संध्याकाळी ती आली. पोराचा ताप उतरल्याचं तिने सांगितलं. माचिस घेतली. बाबांनी काही वेळाने तराजू पुसला आणि म्हणाले, "आज लाइन बंद आहे बाई." मी गणित सोडवत होते.

त्यानंतर त्याचा फोन आला का? माझ्या कानावर नाही. मी शाळेत असताना आला असेल, रात्री आला असेल. असं मी मला सांगते. बाबा गेल्या साली गेले, आणि या दिवाळीला मी माहेरी गेले होते तेच मुळी दुकान रिकामं करायला. तिथे आता ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक मुलगा बसणार आहे. माळ्यावर उधारीच्या वह्या निघाल्या. लाल कापडाच्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या. बाबांचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. १९९६-९७ची वही मी मुद्दाम शोधली. तिच्या नवऱ्याच्या नावाच्या पानावर ओळीने लिहिलेलं: माचिस ०.५०. माचिस ०.५०. मीठ, माचिस. माचिस. मध्येच हळद. माचिस. दिवाळीपासून संक्रांतीपुढे पंधरा-वीस दिवसांपर्यंत मी मोजल्या, एक्काहत्तर डब्या. घरात तीन माणसं, एक चूल, एक कंदील. एवढ्या काड्यांचं तिने काय केलं असेल? कुठे ठेवल्या असतील? फेब्रुवारीत माचिस पातळ होत जाते, आठवड्याला एक, मग पंधरा दिवसांना एक, आणि मार्चपासून ते पान इतर घरांच्या पानांसारखं दिसायला लागतं. तेल, साखर, चहापत्ती. एर्नोने एवढं सोसून एक पुस्तक लिहिलं. हिचं बाबांनी लिहिलं, पन्नास पन्नास पैशांनी. त्या एक्काहत्तरांतली त्या दिवशीची डबी कुठली, ते मला ओळखू आलं नाही. तारखा आहेत, पण मला तारीख आठवत नाही.

मीही पुढे वाट पाहिली आहे. चौदा महिने. त्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, तेवढी छाती माझी नाही. हातात फोन होता, खिशात, उशाखाली, न्हाणीघरात पाण्याच्या टाकीवर. घरातच नव्हे, अंगावरच. निळ्या खुणा, शेवटचं कधी पाहिलं ती वेळ, रात्री दोन वाजता पाहिलं म्हणजे का जागा, आणि जागा तर कोणासाठी. आईचं वाक्य ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की मी त्या चौदा महिन्यांत फार श्रीमंत होते. माझ्या वाट पाहण्याला मुगाचा भाव विचारावा लागला नाही. पण त्या श्रीमंतीत मी बाबांचे फोन कापायची. रात्री साडेआठला त्यांचा फोन यायचा, रोजचाच, जेवलीस का विचारायला, आणि मी दोन मिनिटांत "कामात आहे, नंतर करते" म्हणायचे, कारण लाइन मोकळी हवी असायची. एकदा त्यांचा फोन लागतच नव्हता, मी दुसऱ्या बाजूला बोलत होते. पाऊण तासाने लागला. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "लाइन बंद होती का वं तुही?" मी हो म्हणाले. "असन," ते म्हणाले, आणि जेवलीस का ते विचारलं.

पुस्तक संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माचिसवालीकडे गेले. आईने हातात फराळाचा डबा दिला, कारण बिनकामाचं कोणाच्या घरी कसं जायचं. आता साठीच्या पुढे आहेत. नवरा जाऊन सात-आठ वर्षं झाली, मुलगा बुटीबोरीला कंपनीत, सून बचत गटाच्या बैठकीला गेलेली. अंगणात सोयाबीनचं कुटार पडलेलं, त्याचा तो कोरडा, नाकात जाणारा वास. "कोण वं? दुकानवाल्याची का?" त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. गळ्यात लोकरीची विणलेली छोटी पिशवी, जांभळी, आणि तिच्यात बटणांचा फोन. चालताना तो छातीवर हलत होता. त्यांनी कोरा चहा केला. गुडघ्यांचं सांगितलं, सोयाबीनला भाव नाही ते सांगितलं, "तुह्या बापासारखा माणूस नाई," हे दोनदा सांगितलं. मी सांगायला गेले होते. वाक्य तयार होतं. काकू, एकदा दुपारी. एवढं तोंडात आलंही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. मी पाहिला आणि पालथा घालून खाटेवर ठेवला, वाजू दिला.

काकूंच्या हातातली बशी थांबली. "घे ना वं," त्या म्हणाल्या.

"काही नाही काकू, असाच कोणीतरी."

"घे. वाजता फोन असा ठेवू नाई." आवाज चढला नव्हता, पण माझ्याकडे पाहत नव्हत्या, फोनकडे पाहत होत्या. मी उचलला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज होता. अभिनंदन, आपल्याला अमुक इतक्या रकमेचं कर्ज मंजूर होऊ शकतं, अधिक माहितीसाठी एक दाबा. एरवी मी पहिल्या शब्दाला कापते. पण त्या समोर बसून माझ्या कानाकडे बघत होत्या, म्हणून मी सगळं ऐकलं. मराठीत ऐकलं, हिंदीत ऐकलं, शेवटचं धन्यवाद ऐकलं. मग आवाज आपोआप बंद झाला.

"कोणाचा होता?"

"बँकेचा. कर्ज पाहिजे का म्हणून."

काकूंनी बशीतला चहा फुंकला. "घे," त्या म्हणाल्या, "पण केला त खरी त्यानं."